राहणाऱ्यांना विचारून बांधलेली घरे

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापुरातील जुन्या कामगार वस्त्या आणि चाळी पाडून त्या जागी बहुमजली इमारती उभ्या करण्याच्या प्रश्नावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील बहुतेक पत्रांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. चटई क्षेत्र किती मिळावे, बांधकाम चालू असताना भाडे कोणी द्यावे, दुकानगाळे कोणाच्या वाट्याला यावेत, या सगळ्यांवर वाचकांनी तळमळीने लिहिले आहे. मात्र ज्यांना त्या घरांत पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढायची आहेत त्यांना घर कसे हवे, हे त्यांना कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने विचारावे, याबद्दल एकाही पत्रात एक ओळ मला सापडली नाही. याच प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे एक इटालियन वास्तुविशारद आणि प्राध्यापक होऊन गेले. त्यांचे नाव जानकार्लो दे कार्लो. त्यांच्या कामाची ओळख आपल्या वाचकांना व्हावी आणि त्यातून आपल्या शहराला काही घेता यावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी वास्तुविशारद नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम पूर्ण करून 34 वर्षे मी इतरांनी ठरवलेल्या इमारतींचे नकाशे काढले. माझे वडील आधी खड्डा मागावर आणि नंतर यंत्रमागाच्या कारखान्यात विणकाम करीत. आई घरी विड्या वळत असे. पूर्व भागातील असंख्य घरांसारखेच आमचेही घर होते: तीन खणांचे, वर माळवद, खाली शहाबादी फरशी आणि रस्त्याकडे तोंड केलेला ओटा. घरात तेलुगू आणि ओट्यावर मराठी, अशा दोन भाषांत माझे बालपण गेले. दे कार्लो यांचे नाव मात्र मला उतारवयात, वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीच्या प्रबंधामुळे कळले. तिच्यासाठी आकृत्या काढून देता देता मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

दे कार्लो यांचा जन्म 12 डिसेंबर 1919 रोजी जेनोआ या बंदराच्या शहरात झाला. लहानपणीचा काही काळ त्यांनी आजी-आजोबांकडे ट्युनिसमध्ये काढला. पुढे मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये ते अभियांत्रिकी शिकले. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा काही काळ नौदलात आणि नंतर मुसोलिनीच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकार चळवळीत त्यांनी भाग घेतला. या चळवळीत त्यांचे सहकारी असलेले ज्येष्ठ वास्तुविशारद जुझेप्पे पागानो यांचा 1945 मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत अंत झाला. युद्ध संपल्यावर दे कार्लो पुन्हा विद्यार्थी झाले आणि 1949 मध्ये त्यांनी व्हेनिसमधून वास्तुकलेची पदवी घेतली. पुढे त्याच संस्थेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि 1983 नंतर ते जेनोआच्या विद्यापीठात शिकवू लागले. सत्ता वरून खाली उतरता कामा नये, माणसांनी आपापसांत मिळून आपले व्यवहार चालवावेत, ही अराज्यवादी विचारसरणी त्यांनी तरुणपणी स्वीकारली आणि अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांची वास्तुकला या विचारापासून वेगळी काढता येत नाही.

युद्धानंतर इटलीत घरांची भीषण टंचाई होती आणि सरकारी योजनेतून कामगारांसाठी झपाट्याने घरे बांधली जात होती. अशाच एका योजनेत, मिलानला लागून असलेल्या सेस्तो सान जोव्हान्नी या कारखान्यांच्या गावात, 1950 च्या सुमारास तरुण दे कार्लो यांनी एक इमारत उभी केली. आधुनिक वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशीच तिची मांडणी होती. राहण्याच्या खोल्या आणि सज्जे ऊन येणाऱ्या दक्षिणेकडे, हिरवळीच्या बाजूला. आणि घरात जाण्या-येण्याच्या लांब गॅलऱ्या उत्तरेकडे, रस्त्याच्या बाजूला. इमारतीत लोक राहायला आल्यावर वसंतातल्या एका रविवारी ते समोरच्या कॅफेत काही तास बसून राहिले आणि लोक काय करतात ते पाहत राहिले. दक्षिणेकडच्या सज्ज्यांत कपडे वाळत होते. माणसे मात्र स्टुले आणि खुर्च्या घेऊन उत्तरेकडच्या गॅलऱ्यांत बसली होती, कारण रस्ता तिकडून दिसत होता, येणारे-जाणारे दिसत होते, शेजाऱ्याशी बोलता येत होते. ऊन, वारा आणि हिरवळ महत्त्वाची आहेतच, पण माणसाला माणूस दिसणे त्याहून महत्त्वाचे आहे आणि आपण त्याचाच विचार केला नाही, असे त्यांनी नंतर स्वतःच लिहून छापले. आपल्याच इमारतीतली चूक नियतकालिकात जाहीरपणे मांडणारा वास्तुविशारद माझ्या 34 वर्षांच्या नोकरीत मला भेटला नाही.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तशीच एक इमारत माझ्याही हातून झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या एका सोसायटीचे नकाशे आमच्या कार्यालयातून निघाले आणि त्यांतील घराचा मूळ नकाशा माझ्या हातचा होता. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध जिना, प्रत्येक मजल्यावर चार घरे. पुढची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर आणि कपडे वाळवण्यापुरती हात-दीड हाताची गॅलरी. नियमाप्रमाणे खिडक्या होत्या, नियमाप्रमाणे हवा होती, आणि मंजुरी पहिल्याच फेरीत मिळाली म्हणून मला शाबासकीही मिळाली होती. निवृत्तीनंतर एका नातेवाइकाकडे लग्नाची पत्रिका द्यायला त्या इमारतीत गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. पहिल्या मजल्याकडे जाताना जिन्याच्या वळणावर तीन बायका बसलेल्या दिसल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कातरलेली पाने, आणि त्यांच्यातील सर्वांत वयस्कर बाईच्या बोटांना दोऱ्याचे बारीक वळ पडलेले. मला वाट देण्यासाठी त्यांना सुपे उचलून भिंतीला चिकटावे लागले. घरात का बसत नाही, असे मी विचारले. ती वयस्कर बाई म्हणाली, “आत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो, आणि पंखा लावला तर तंबाखू उडतो. इथं जाळीतून उजेड येतो आणि एकमेकींशी बोलता येतं.” ती जाळी जिन्यात वारा यावा म्हणून मीच नकाशात दाखवली होती. अख्ख्या इमारतीत विडी वळायला बरी अशी तेवढीच एक जागा होती, आणि तीही मी त्या कामासाठी काढलेली नव्हती. माझी आई 30 वर्षे ओट्यावर बसून विड्या वळत होती. ओटा कशासाठी असतो हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही नकाशा काढताना ते माझ्या मनात आले नाही, आणि ते मला सांगू शकतील अशा माणसांना विचारण्याची आमच्या कार्यालयात पद्धतच नव्हती.

ही पद्धत का नसते, याचा दे कार्लो यांनी खोलवर विचार केला. 1929 मध्ये फ्रँकफर्ट येथे आधुनिक वास्तुविशारदांची मोठी परिषद झाली आणि तिचा विषय होता किमान गरजेचे घर. कमीत कमी जागेत, कमीत कमी खर्चात कुटुंब कसे बसवता येईल, याची उत्तमोत्तम उत्तरे युरोपातील नामवंतांनी तेथे मांडली. सुमारे 40 वर्षांनंतर दे कार्लो यांनी लिहिले की, या मंडळींनी ‘कसे’ याचे उत्तर फार हुशारीने दिले, पण ‘का’ हा प्रश्न विचारलाच नाही. कामगाराचेच घर किमान का असावे, ते कोणी ठरवले, त्यात कोणाचा फायदा आहे, हे न विचारता वास्तुविशारद कामाला लागला की तो सत्तेच्या आणि पैशाच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि ज्यांच्यासाठी बांधतो त्यांच्यापासून तुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे 2015 मध्ये सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी 30 चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्राची मर्यादा होती. तेवढ्यात घर बसवण्याचे कसब आपल्या कार्यालयांत भरपूर आहे. पण ज्या घरात राहणे आणि कमावणे एकाच छताखाली चालते, त्या घरालाही अशीच मर्यादा का, हा दे कार्लो यांच्या पद्धतीचा प्रश्न आहे. विडी वळणारी बाई घरीच काम करते, तिचे घर हाच तिचा कारखाना असतो, आणि त्या कारखान्याच्या जागेचा हिशेब कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो.

दे कार्लो यांच्या वाटचालीतले काही टप्पे मी येथे थोडक्यातच सांगतो. दक्षिण इटलीतील मातेरा या गावी डोंगरात कोरलेल्या गुहांत माणसे आणि जनावरे एकत्र राहत. 1952 च्या कायद्याने सुमारे 15,000 लोकांना तेथून हलवण्याचे ठरले आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्या वस्तीत दे कार्लो यांनी एक इमारत केली. तिला कौलारू उतरते छप्पर आणि विटांच्या भिंती असल्याने 1959 मध्ये नेदरलँड्समधील ओटर्लो येथील वास्तुविशारदांच्या परिषदेत आधुनिकतेच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी त्यांच्यावर टीका केली. आधुनिक म्हणजे सपाट छपराची पांढरी पेटी, अशी ज्यांची समजूत होती त्यांना ती इमारत मागासलेली वाटली असावी. दे कार्लो मात्र पुढे ‘टीम टेन’ या नव्या पिढीच्या वास्तुविशारदांच्या गटातले एक प्रमुख सदस्य झाले.

उर्बिनोबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. चित्रकार राफाएलचे हे जन्मगाव मध्य इटलीतील एका टेकडीवर, तटबंदीच्या आत वसलेले आहे. युद्धानंतर ते ओस पडत चालले होते. विद्यापीठाचे कुलगुरू आणि साहित्याचे अभ्यासक कार्लो बो यांनी दे कार्लो यांना बोलावून घेतले आणि त्या दोघांचा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. 1958 ते 1964 या काळात दे कार्लो यांनी गावाचा संपूर्ण आराखडा तयार केला. जुन्या गावाला हात न लावता ते शोभेच्या वस्तूसारखे जपावे किंवा ते पाडून नवे बांधावे, हे दोन्ही मार्ग त्यांनी नाकारले. जुन्या भिंतींच्या आत नवा वापर आणला तर गाव जिवंत राहील, अशी त्यांची धारणा होती. त्यानुसार एका जुन्या मठाच्या बाहेरच्या भिंती तशाच ठेवून आत त्यांनी अध्यापनशास्त्राची विद्याशाखा बसवली. रस्त्याने जाणाऱ्याला जुनीच भिंत दिसते. आत गेल्यावर वरून काचेच्या मोठ्या अर्धवर्तुळातून उजेड उतरतो आणि त्याखाली पायऱ्यापायऱ्यांची व्याख्यानगृहे दिसतात. गावातील नाट्यगृहाच्या खाली पंधराव्या शतकातील फ्रान्चेस्को दि जोर्जो मार्तिनी यांनी घोडे वर नेण्यासाठी बांधलेला गोल फिरत जाणारा उताराचा मार्ग मातीखाली गाडलेला होता, तो मोकळा करून त्यांनी पुन्हा वापरात आणला. बाहेरच्या टेकडीवर 1962 पासून त्यांनी विद्यार्थ्यांची वसतिगृहे बांधली. उताराला धरून खाली उतरत जाणाऱ्या छोट्या खोल्या, त्यांना जोडणाऱ्या वाटा आणि जिने, आणि कोठेही चार जण बसून बोलू शकतील अशा जागा. छायाचित्रे पाहताना मला त्यांतील उघडे काँक्रीट काहीसे रूक्ष वाटते हे मी लपवत नाही. पण वाट ही केवळ जाण्यासाठी नसून थांबण्यासाठीही असते, हे ज्याला कळले त्यालाच अशी मांडणी सुचते. 1998 मध्ये उर्बिनोच्या जुन्या गावाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ज्या शहरात 1877 साली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे बहुतेक गिरण्या एकामागून एक बंदही पडल्या, त्या सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटत असेल, याची कल्पना संपादक महोदय, आपण करू शकाल. आपल्याकडे मोठ्या भिंती होत्या, गिरण्यांच्या उंच छपराच्या शेड होत्या, उत्तरेचा उजेड घेणाऱ्या झुकत्या काचांच्या रांगा होत्या. त्यांच्या आत काय नवे आणता येईल, हा विचार करणारा कोणी आपल्याला वेळेवर भेटला नाही.

1968 च्या मे महिन्यात मिलानमध्ये त्रिएन्नाले हे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरायचे होते आणि त्याच्या आखणीत दे कार्लो यांचा मोठा वाटा होता. विषय होता प्रचंड संख्येने होणारे उत्पादन, वस्ती आणि त्यातील माणूस. उद्घाटनाच्याच दिवशी विद्यार्थी आणि कलावंत प्रदर्शनात घुसले आणि त्यांनी ते ताब्यात घेतले. आयुष्यभर सत्तेला विरोध करणाऱ्या दे कार्लो यांना त्या दिवशी समोरच्या तरुणांनी सत्तेचा प्रतिनिधी ठरवले. ते पळून गेले नाहीत, गर्दीत उभे राहून वाद घालत राहिले. लोकांसाठी मांडलेली गोष्ट लोकांना आपली वाटत नसेल तर तिची मांडणीच चुकली आहे, ही जाणीव त्यांना या प्रसंगाने अधिक तीव्रपणे झाली असावी असे मला वाटते, कारण पुढच्याच वर्षी त्यांनी तेर्नीचे काम हाती घेतले, आणि ते काम हेच माझ्या पत्राचे खरे कारण आहे.

तेर्नी हे मध्य इटलीतील पोलाद कारखान्याचे गाव. 1884 मध्ये तेथे कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती गाव वाढत गेले. सोलापूर जसे गिरण्यांच्या भोंग्यावर उठत-बसत होते, तसेच तेर्नी कारखान्याच्या पाळ्यांवर. तेथे कामगारांची एक जुनी वस्ती होती: मोडकळीस आलेली, पण घरापुढे बागेचा तुकडा असलेली. वस्तीला नाव होते जाकोमो मात्तेओत्ती यांचे, म्हणजे 1924 मध्ये फॅसिस्टांनी ज्यांचा खून केला त्या समाजवादी खासदाराचे. कंपनीला जुनी घरे पाडून त्याच जागेवर अधिक घरे बसवायची होती आणि त्यासाठी तिने दे कार्लो यांना नेमले. आपल्याकडे आज ज्याला पुनर्विकास म्हणतात, नेमके तेच.

दे कार्लो यांनी अट घातली की आराखडा कामगारांशी चर्चा करून ठरेल, आणि या चर्चेचा वेळ कामाचा वेळ धरून त्याची मजुरी कामगारांना मिळेल. या अटीचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे ‘जनसुनावणी’ होते ती बहुधा कामाच्या दिवशी भरदुपारी, आणि हजार विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईला तेथे यायचे तर त्या दिवसाच्या विड्या सोडून यावे लागते. ती येत नाही आणि मग लोकांना रस नाही असा शेरा मारला जातो. घराबद्दल विचार करणे हेही काम आहे आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे, हे दे कार्लो यांनी 1969 मध्ये एका पोलाद कंपनीकडून मान्य करून घेतले.

दुसरी गोष्ट याहूनही शिकण्यासारखी आहे. कामगारांना घर कसे हवे असे विचारल्यावर सुरुवातीला उत्तरे ठरावीक आली, कारण ज्याने जे पाहिले असते तेच तो मागतो. आपल्याकडेही विचारून पाहा, ‘अपार्टमेंटसारखं पाहिजे’ असेच उत्तर बहुधा मिळेल. ही उत्तरे ऐकून दे कार्लो यांनी लोकांना काही कळत नाही असा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी वेगवेगळ्या देशांत झालेल्या उत्तम वस्त्यांचे प्रदर्शन कामगारांसाठी भरवले, त्या कशा बांधल्या आणि तेथे लोक कसे राहतात हे समजावून सांगितले. समाजशास्त्रज्ञ दोमेनिको दे मासी यांची मदत घेतली. मग चर्चेला रंग चढला. कोणी स्वतंत्र प्रवेशाची मागणी केली, कोणी बागेची, कोणी गाड्यांचा रस्ता मुलांच्या खेळण्यापासून दूर ठेवण्याची. नकाशे बदलले, पुन्हा दाखवले, पुन्हा बदलले.

1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथे तीन मजली घरांच्या समांतर रांगा उभ्या राहिल्या. आतली मांडणी एका साच्यातली नाही. कुटुंबाच्या गरजेप्रमाणे घरांचे अनेक प्रकार आहेत. वरच्या मजल्यावरील घरालाही गच्चीवर मातीची, झाडे लावण्याची जागा आहे. गाड्या खाली आणि माणसांच्या वाटा त्यांच्यापासून वेगळ्या, रांगांना जोडणाऱ्या पुलांवरून. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामगारांनी हातात पेन्सिल घेऊन नकाशे काढले नाहीत आणि दे कार्लो यांनीही आपली जबाबदारी त्यांच्यावर ढकलली नाही. काँक्रीटच्या त्या रांगांना आकार त्यांनीच दिला आणि त्याच्या गुणदोषांचे धनीही तेच. पण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवले.

हे काम पूर्ण यशस्वी झाले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ठरलेल्या वस्तीपैकी सुमारे 250 घरेच बांधून झाली आणि पुढचे टप्पे राहून गेले. रिमिनी या किनारी शहराचा असाच लोकसहभागाचा आराखडा त्यांनी केला, तो मंजूर झाला नाही. माणसांना विचारून काम करायचे तर वेळ लागतो, वाद होतात, आणि ज्यांना निर्णय आपल्याच हाती ठेवायचा असतो त्यांना ते रुचत नाही. तरीही दे कार्लो यांनी हा मार्ग सोडला नाही. 1976 मध्ये त्यांनी वेगवेगळ्या देशांतील विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र येऊन एखाद्या गावाचा प्रत्यक्ष अभ्यास करतील अशी आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा उर्बिनोमध्ये सुरू केली. 1978 पासून दोन दशकांहून अधिक काळ अवकाश आणि समाज यांच्या नात्याला वाहिलेले नियतकालिक चालवले. व्हेनिसजवळच्या मात्सोर्बो बेटावर शेजारच्या बुरानो गावाच्या रंगीत घरांशी नाते सांगणारी लहानशी वस्ती बांधली. 1993 मध्ये त्यांना ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचे रॉयल सुवर्णपदक मिळाले. 4 जून 2005 रोजी मिलानमध्ये त्यांचे निधन झाले.

आता आपल्या शहराविषयी. संघटितपणे घरे मागून ती मिळवण्याचा इतिहास सोलापूरच्या कामगारांना आहे. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10,000 घरांची वसाहत आणि त्यानंतरची 30,000 घरांची रे नगर योजना, जिच्यातील पहिल्या 15,000 घरांचे हस्तांतर 19 जानेवारी 2024 रोजी झाले, ही दोन्ही कामे वर्षानुवर्षांच्या लढ्यातून उभी राहिली. ज्या शहरातील विडी कामगार बाई मोर्चात चालून दिल्लीपर्यंत आपले म्हणणे पोहोचवू शकते, त्या शहरात तिला आपल्या घराची खिडकी कोणत्या दिशेला हवी हे सांगता येणार नाही, असे कोणी म्हणू नये.

जुन्या वस्त्यांत जाऊन पाहिले तर लोक काय सांगतील याचा अंदाज मला थोडाफार आहे, तरी तो अंदाजच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा भिजवलेली पाने दुपारपर्यंत वाळतात आणि तडकतात, म्हणून त्यांना थंड, सावलीचा कोपरा लागतो. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून बॅरल आणि हौद ठेवायला जागा लागते, आणि तिसऱ्या मजल्यावर बॅरल कसे भरायचे हा प्रश्न नकाशात दिसत नाही. ज्यांच्या घरी यंत्रमाग आहे त्यांना तळमजला आणि भक्कम पाया हवा. धडधडणारा माग वरच्या मजल्यावर चालवता येत नाही. लग्न, बारसे, मयत, सगळ्याला दारापुढची जागा लागते. आणि ओटा लागतो. हे सारे मी माझ्या आईच्या आणि त्या जिन्यातल्या बायकांच्या अनुभवावरून लिहितो आहे. आजच्या पंचविशीतल्या सुनेला, जिला विड्या वळायच्या नाहीत आणि जी शिवणयंत्रावर किंवा मोबाईलवर काम करून कमावते, कदाचित वेगळेच काही हवे असेल. तिला विचारल्याशिवाय ते मला कळणार नाही आणि कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा विकासकालाही कळणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. कोणत्याही जुन्या कामगार वस्तीचा नवा नकाशा मंजुरीला जाण्याआधी तो त्या वस्तीतच, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत, किमान महिनाभर लावून ठेवावा. त्यावरच्या बैठका रात्रीच्या जेवणानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी वस्तीत घ्याव्यात आणि दिवसा घ्यायच्या असतील तर रोजंदारीवर पोट असलेल्यांना त्या वेळेची मजुरी प्रकल्पाच्या खर्चातून द्यावी. मंजुरीसाठीच्या नकाशावर रेषा कितीही सुबक असल्या तरी 1:100 च्या प्रमाणातली खोली सामान्य माणसाला वाचता येत नाही. ती मलाही माझ्या आईला समजावता आली नव्हती. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. मोकळ्या मैदानात पायाची आखणी करतात तशी दोरी लावून फक्कीने घर प्रत्यक्ष मापात आखायचे, दारे-खिडक्यांच्या जागा दाखवायच्या, आणि बायकांना आपले सूप, पाट, बॅरल, शिवणयंत्र घेऊन त्या आखणीत बसायला सांगायचे. तासाभरात घर कुठे कमी पडते ते सगळ्यांना दिसेल.

माझ्या पुतणीच्या वर्गातली काही मुले कोणत्याही एका वस्तीत हा प्रयोग सुट्टीच्या दिवशी विनामूल्य करायला तयार आहेत. ज्या वस्तीतील रहिवाशांना तो करून पाहायचा असेल त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, आपण तो मला कळवाल अशी आशा आहे. टेप, दोरी आणि फक्की मी घेऊन येईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
साखर पेठ, सोलापूर